हौशी धावकाचा रविवार



शाळेच्या हीरक महोत्सवात भाषा, संस्कार आणि विद्या यांविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते उचितच आहे. परंतु शाळेच्या वेळापत्रकात आणखी एक तास असतो. दहावीच्या वर्षी तो बहुधा गणिताला किंवा विज्ञानाला देऊन टाकला जातो. तो म्हणजे खेळाचा तास. शाळा सुटल्यावर वीस-पंचवीस वर्षांनी या हरवलेल्या तासाचा शोध घेणारी माणसे आज भारताच्या प्रत्येक मोठ्या शहरात रविवारी पहाटे रस्त्यावर दिसतात. बक्षीस मिळणार नाही हे त्यांना पुरते ठाऊक असते, तरीही ती शुल्क भरून, पहाटे चारला उठून, हजारोंच्या गर्दीत धावतात. आजच्या व्याख्यानाचा विषय हा हौशी धावक आहे, आणि त्याचा मुक्काम दिल्लीतील सरोजिनी नगरात आहे.

सरोजिनी नगरच का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. महाराष्ट्रातून केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त दिल्लीस गेलेल्या मराठी कुटुंबांना ही वसाहत अपरिचित नाही. स्वातंत्र्यानंतर सरकारी कर्मचाऱ्यांसाठी वसवलेल्या या भागाचे मूळ नाव विनय नगर. पुढे त्यास सरोजिनी नायडूंचे नाव मिळाले. बाहेरच्या माणसाला सरोजिनी नगर म्हणजे स्वस्त कपड्यांचा बाजार एवढेच माहीत असते. तेथे राहणाऱ्याला मात्र ते दुमजली-तिमजली सरकारी क्वार्टरांचे, अंगणांचे आणि दाट झाडांचे गाव वाटत असे. दक्षिणेस रिंग रोड, पश्चिमेस आफ्रिका अव्हेन्यू आणि उत्तरेस चाणक्यपुरी. चाणक्यपुरीतील रस्त्यांची नावेही लक्षात राहण्याजोगी आहेत: विनय मार्ग, सत्य मार्ग, नीती मार्ग, न्याय मार्ग आणि शांती पथ. सकाळी सहाच्या आत या रुंद, सावलीच्या रस्त्यांवरून नेहरू पार्कपर्यंत जाऊन परत येणे, ही येथील धावकाची नित्याची तालीम.

मराठी माणसाला रस्त्याने लांब अंतर कापण्याचे नावीन्य नाही. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर वारकरी पिढ्यान् पिढ्या पायी चालत आला आहे. धावण्याच्या शर्यतीचा इतिहासही मराठी मुलखापासून दूरचा नाही. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारे धावपटू पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले, आणि त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू पाठवण्याची कल्पना आकारास आली. त्या चमूत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या ऑलिंपिकमधील मॅरेथॉन आजच्यापेक्षाही लांब, म्हणजे ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुले यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. दिल्लीच्या रस्त्यांनाही असाच मान लाभला आहे. १९५१ साली या शहरात पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा मॅरेथॉनचे सुवर्णपदक भारताच्या छोटा सिंग यांनी जिंकले.

तथापि चौगुले काय किंवा छोटा सिंग काय, ते पदकासाठी धावणारे धावपटू होते. हौशी धावक ही निराळी जात आहे आणि तिचा जन्म बराच अलीकडचा आहे. बोस्टनची मॅरेथॉन १८९७ पासून चालत आली असली, तरी सामान्य माणसांनी शहराचे रस्ते भरून टाकण्याची रीत १९७० नंतर रुजली. न्यूयॉर्कची शर्यत १९७० साली सुरू झाली आणि लंडनची १९८१ साली. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची आहे. १५ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबईची मॅरेथॉन नव्या स्वरूपात सुरू झाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जागतिक अर्धमॅरेथॉन अजिंक्यपद स्पर्धा दिल्लीत झाली. पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर २००५ रोजी, दिल्लीची स्वतःची अर्धमॅरेथॉन प्रथम धावली गेली. साताऱ्याची यवतेश्वर घाट चढून जाणारी अर्धमॅरेथॉन २०१२ पासून सुरू आहे. आज लहानमोठ्या शहरांतही दहा किलोमीटरची एखादी शर्यत असतेच.

येथे एक विषण्ण करणारा योगायोग नोंदवावासा आहे. दिल्लीकरांनी आनंदासाठी राजधानीचे रस्ते व्यापले, त्यानंतर तेराच दिवसांनी, २९ ऑक्टोबर २००५ च्या शनिवारी, दिवाळीच्या तोंडावर सरोजिनी नगरचा बाजार बाँबस्फोटाने हादरला. पहाडगंज आणि गोविंदपुरी येथेही त्याच संध्याकाळी स्फोट झाले, आणि या तिन्ही ठिकाणी मिळून साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सार्वजनिक जागेत निर्भयपणे जमणे ही किती मोलाची गोष्ट आहे, हे त्या एका महिन्याने दोन परस्परविरुद्ध रीतींनी दाखवून दिले. गर्दीत मिसळणाऱ्या माणसाला गर्दीवर विश्वास ठेवावा लागतो. रविवारची शर्यत हा त्या विश्वासाचा एक साधा, नागरी आविष्कार आहे.

आता या हौशी धावकाकडे जवळून पाहू. सरोजिनी नगरच्या क्वार्टरात राहणारा, चाळिशी ओलांडलेला, एखाद्या मंत्रालयात दिवसभर फायलींशी बसून असलेला गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. रक्तदाब किंचित वाढलेला, पोट थोडे सुटलेले. डॉक्टरांनी चालायला सांगितले म्हणून तो चालू लागतो. काही आठवड्यांनी दोन झाडांमधले अंतर धावून पाहतो आणि धाप लागून थांबतो. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा जातो, आणि येथेच खरा धावक जन्माला येतो. मग तीन झाडे, मग एक किलोमीटर, मग नेहरू पार्कची फेरी. आठवड्याचे अंतर एकदम वाढवू नये, साधारण दहा टक्क्यांच्या आत वाढवावे, हा अनुभवी धावकांचा जुना नियम आहे. तो मोडणाऱ्याला टाच, घोटा किंवा गुडघा लवकरच आठवण करून देतो. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण पायांनाही लागू पडते.

पहिल्या शर्यतीची नोंदणी झाली की घरातले वातावरण बदलते. शनिवारी रात्री लवकर जेवण, ओळखीचेच अन्न, अंथरुणाशेजारी काढून ठेवलेले बूट आणि चार पिनांनी सदऱ्यावर लावलेला क्रमांक. या कागदी क्रमांकाला धावक ‘बिब’ म्हणतात, आणि त्याच्या मागे वेळ मोजणारी इवलीशी चिप चिकटवलेली असते. प्रारंभरेषेवर आणि अंतिम रेषेवर अंथरलेल्या चटयांवरून पाय गेला की ती नोंद होते. त्यामुळे बंदूक वाजल्यावर गर्दीत अडकून पाच मिनिटे उशिरा निघालेल्या माणसाचीही पाच मिनिटे वाया जात नाहीत, कारण त्याचे घड्याळ त्याच्या स्वतःच्या पहिल्या पावलापासून सुरू होते. या लहानशा यंत्राने हौशी धावण्याला न्यायाची जोड दिली आहे. रांगेत पुढे कोण उभा होता, याला येथे महत्त्व उरत नाही.

पहिल्यांदा धावणाऱ्यांची सर्वांत सार्वत्रिक चूक पहिल्याच किलोमीटरला घडते. भोवती ढोल वाजत असतात, रस्ता मोकळा असतो, पाय हलके असतात. मनुष्य आपल्या नेहमीच्या गतीपेक्षा कितीतरी जोराने सुटतो. पाचव्या किलोमीटरला त्याचे हिशेब चुकतात, आणि सुरुवातीला मागे टाकलेली साठीची आजी शांतपणे त्याच्या पुढे निघून जाते. ससा-कासवाची गोष्ट प्रत्येकाने प्राथमिक शाळेत ऐकलेली असते. ती अंगी मुरायला मात्र अशी एक सकाळ लागते. पूर्ण मॅरेथॉनमध्ये हा धडा अधिक कठोर होतो. शरीराच्या स्नायूंत आणि यकृतात साठवलेली शर्करा साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते, आणि पाय अचानक शिशाचे होतात. धावक त्यास ‘भिंत’ म्हणतात. ज्याने आरंभी संयम राखला, वाटेत थोडे खाल्ले-प्यायले, तो ही भिंत चढू शकतो. इतरांना उरलेले बारा किलोमीटर चालत काढावे लागतात.

हौशी धावकांच्या जगात एका आकड्याला विशेष मान आहे. दहा किलोमीटर साठ मिनिटांत, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटे. जागतिक दर्जाचे धावपटू हेच अंतर सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटांत कापतात, आणि दिल्लीच्या शर्यतीतील अग्रणी पुरुष तर त्या साठ मिनिटांत संपूर्ण अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१.०९७ किलोमीटर, धावून जातात. तरीही बासष्ट मिनिटांवरून एकोणसाठ मिनिटांवर आलेल्या कारकुनाचा आनंद खोटा नसतो. त्या तीन मिनिटांमागे कित्येक महिन्यांच्या पहाटा असतात. कचेरीत बढती वरिष्ठांच्या मर्जीवर अवलंबून असू शकते, आणि मुलांचे यश हे मुलांचे असते. हे यश मात्र पूर्णपणे त्याने स्वतः कमावलेले असते, आणि त्यासाठी दुसऱ्या कोणाला हरवावे लागलेले नसते. साठ वर्षांचा उत्सव करणाऱ्या शाळेत या साठ मिनिटांचे अप्रूप कळावे. दोन्ही ठिकाणी मोजमाप कालचे आणि आजचे यांमध्येच होत असते.

येथवर शर्यतीची गोडी सांगितली. आता तिचे अवघड प्रश्न विचारणे प्राप्त आहे.

पहिला प्रश्न स्त्रियांचा. बोस्टनच्या मॅरेथॉनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७२ साली दिला. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन थेट १९८४ साली आली. त्यानंतर अंतर झपाट्याने कापले गेले. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले, तेही त्याच जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर, जेथे अलीकडे दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनचे धावक जमतात. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत सलग तीन वर्षे पहिल्या आल्या, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. या यशाचा अभिमान सर्वांना आहे. परंतु प्रश्न सामान्य गृहिणीचा आहे. शर्यतीच्या रविवारी रस्त्यावर दर काही अंतरावर पोलीस आणि स्वयंसेवक असतात, दिवे असतात, सोबत असते, म्हणून ती निर्धास्त धावते. मंगळवारी पहाटे साडेपाचला त्याच रस्त्यावर ती एकटी धावू शकते काय? तयारी मंगळवारी होते, रविवारी फक्त परीक्षा असते. ज्या स्त्रीला मंगळवार नाकारला गेला, तिला रविवारचे निमंत्रण पुरेसे नाही. म्हणूनच अनेक ठिकाणी स्त्रिया चार-पाच जणींचा गट करून धावतात. ही त्यांची शहाणी तडजोड आहे, पण ती तडजोडच आहे.

दुसरा प्रश्न हवेचा, आणि दिल्लीत तो टाळता येत नाही. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोराने धावताना हे प्रमाण दहापट किंवा त्याहून अधिक होते, आणि नाकाऐवजी तोंडाने श्वास घेतला जात असल्याने धूळ अडवणारी नैसर्गिक चाळणीही टाळली जाते. २०१७ च्या नोव्हेंबरात दिल्लीवर दाट धुरके पसरले होते, शाळांना सुट्या द्याव्या लागल्या होत्या. त्याच महिन्यात १९ तारखेला अर्धमॅरेथॉन ठरलेली होती. ती पुढे ढकलावी असे आवाहन इंडियन मेडिकल असोसिएशनने केले. शर्यत तरीही झाली. काही धावक तोंडाला मुखपट्टी बांधून धावले, काहींनी क्रमांक घरी ठेवून देणे पसंत केले. पुढच्या वर्षी, २०१८ साली, ही शर्यत ऑक्टोबरात आणली गेली. तारीख बदलणे हा व्यवहार्य उपाय होता, यात शंका नाही. मात्र शर्यतीची तारीख अलीकडे घेता येते, शहरात राहणाऱ्यांचा नोव्हेंबर अलीकडे घेता येत नाही. ज्या हवेत निरोगी प्रौढाने एक-दोन तास धावू नये, त्याच हवेत मुले शाळेत जातात, हमाल ओझी वाहतात आणि रिक्षावाला दिवसभर पायंडल मारतो. त्यांच्या श्वासाचा वेगही धावकासारखाच वाढलेला असतो. हौशी धावक आकाशाकडे पाहून घरी बसू शकतो, रिक्षावाल्यास ती मुभा नाही. धावकाला हवेचे भान लवकर येते, म्हणून त्याची जबाबदारीही अधिक.

तिसरा प्रश्न सावलीचा, आणि तो थेट सरोजिनी नगरचा आहे. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने दक्षिण दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मान्यता दिली. त्यांत सरोजिनी नगर, नेताजी नगर आणि नौरोजी नगर यांचा समावेश होता. १२,९७० जुन्या घरांच्या जागी २५,६६७ नवी घरे बांधण्याची योजना होती. घरांची गरज खरी होती, जुनी क्वार्टरे मोडकळीस आली होती, हेही खरे. परंतु २०१८ च्या जूनमध्ये या वसाहतींत मिळून सुमारे साडेसोळा हजार झाडे तोडली जाणार असल्याचे वृत्त आले, तेव्हा सरोजिनी नगरात नागरिक जमले आणि चिपको आंदोलनाची आठवण करून देत त्यांनी झाडांना मिठ्या मारल्या. त्या महिन्याच्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाने वृक्षतोडीस तात्पुरती स्थगिती दिली. पुढे त्या जागी उंच इमारती उभ्या राहू लागल्या.

या प्रकरणाशी धावण्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, मोटारीतून जाणाऱ्याला झाडे ही देखाव्यासारखी वाटतात, तर पायांनी जाणाऱ्याला ती गरज असते. मे महिन्यात सकाळी सातला सावलीच्या आणि उन्हाच्या रस्त्यांत किती अंतर असते, हे धावकाच्या कातडीला कळते. कोणत्या पदपथावरची फरशी उखडली आहे, कोठे पदपथ संपून एकदम वाहनांत उतरावे लागते, कोणत्या चौकात दिवा बंद आहे, ही सारी माहिती त्याच्यापाशी असते. ज्याला रस्त्याची इतकी तपशीलवार ओळख आहे, त्याने ती नगरपालिकेच्या कानावर घालू नये, ही खंतावण्याची गोष्ट होय. गळ्यात पदक घालून छायाचित्र काढणाऱ्या हजारो जणांनी आपापल्या वस्तीतील एका अपुऱ्या पदपथाविषयी एक अर्ज केला, तरी त्या धावण्याचे मोल कितीतरी वाढेल. शहर रविवारी चार तास रस्ता उसना देते. तो रोज मिळावा, चालणाऱ्याला, सायकलवाल्याला, शाळकरी मुलाला आणि काठी टेकत जाणाऱ्या वृद्धाला मिळावा, ही मागणी करण्याचा नैतिक अधिकार धावकाने कमावलेला असतो. गुरुग्रामने २०१३ साली आणि दिल्लीच्या कॅनॉट प्लेसने २०१४ साली ‘राहगिरी’ या नावाने रविवारी रस्ते मोटारींना बंद करून पाहिले. अशा वेळी मुले जेथे एरवी पाऊल ठेवता येत नाही तेथे क्रिकेट खेळली. इच्छा असल्यास रस्ता मोकळा होतो, याचा तो पुरावा होता.

उरला पालकांसाठीचा चौथा प्रश्न. घरात आई किंवा वडील धावू लागले की मुलेही मागे लागतात, आणि ते शुभलक्षण आहे. परंतु मुलाच्या पायांनी स्वतःची हौस फेडून घेण्याचा मोह पालकांनी आवरावा. २००६ साली ओडिशात बुधिया सिंग नावाच्या चार वर्षांच्या बालकाला पुरीहून भुवनेश्वरपर्यंत ६५ किलोमीटर धावायला लावले गेले. देशभर कौतुक झाले, मग डॉक्टर आणि बालकल्याण यंत्रणा पुढे आल्या आणि अशा पल्ल्यांना अटकाव झाला. मोठ्या मॅरेथॉनला किमान १८ वर्षे वयाची अट असते, ती उगाच नव्हे. वाढत्या हाडांना खेळ हवा, पल्ला नको. मुलांनी लंगडी, खो-खो, कबड्डी खेळावी, पकडापकडी करावी, पडावे, उठावे. लांब पल्ल्याची चिकाटी पुढे आपसूक येते. प्रौढांनीही छातीत कळ, भोवळ किंवा अनियमित ठोके जाणवल्यास पदकाचा विचार न करता थांबावे, आणि चाळिशीनंतर पहिली शर्यत नोंदवण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. शर्यत पुढच्या वर्षीही असते.

हीरक महोत्सवानिमित्त शाळेला भेट म्हणून काय द्यावे, याचा विचार माजी विद्यार्थी करीत असतीलच. इमारतनिधी, ग्रंथालय, संगणक ही सारी दाने आवश्यक आहेत. त्यांच्या जोडीला दोन साध्या सूचना ठेवाव्याशा वाटतात. पहिली अशी की, महिन्यातून एका रविवारी सकाळी शाळेचे मैदान माजी विद्यार्थी, पालक आणि मुले यांच्यासाठी खुले असावे. शुल्क नको, पदक नको, क्रमांक नको. ज्याला धावायचे त्याने धावावे, ज्याला चालायचे त्याने चालावे, आजी-आजोबांनी कडेला बसून गप्पा माराव्यात. दुसरी अशी की, दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास त्या वर्गाकडेच राहावा. चाळिशीतल्या मनुष्याला जो तास पहाटे चारला उठून, पैसे भरून परत मिळवावा लागतो, तो पंधराव्या वर्षी त्याच्या हाती सहज असतो. तेवढा तो काढून घेऊ नये, इतकेच या शुभप्रसंगी मागणे आहे.